धुऱ्याखालची बाटली

१२ सप्टेंबर, शुक्रवार
धानावर तुडतुडा. शेताच्या मधल्या बांधीत गोल गोल जळाल्यासारखे चट्टे पडलेत. ह्यांनी मला नेऊन दाखवले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसा तुडतुडा मीच सोडला. माझ्या धाकट्या भावाचं सडक अर्जुनीला शेतीच्या औषधांचं दुकान, म्हणून देवेनला फोन केला. दुपारी तो स्वतःच बाटली घेऊन आला. म्हणे, "भाऊजी, हे आता दुकानात भेटत नाही. सरकारनं विक्री बंद केली. माल वापस करायचा होता, घरच्यासाठी एक बाटली ठेवली."
हे खूश. "बंद केलं म्हंजे कामाचंच असंल." बाटलीवरचा लाल त्रिकोण दोनदा पाहिला. लाल म्हणजे कडक. निळ्या-हिरव्याला हे औषध मानतच नाहीत.
मी म्हटलं, मागे ग्रामपंचायतीत कृषी खात्याच्या त्या पोरीनं प्रशिक्षणात हातमोजे, मास्क सांगितलं होतं. तर म्हणे, "तेवढं सगळं घालून उतरलो तं गरमीनंच मरीन." देवेनही हसला. मीही.

१३ सप्टें.
गोंदिया. सरकारी दवाखाना. व्हरांड्यात बसून लिहिते आहे.
अंगणवाडी सुटल्यावर घरी आले तर सकाळी फवारायला गेलेले हे पडवीत पडलेले. घामानं न्हायलेले, तोंडातून लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. उलट्या. गळ्यातला दुपट्टा औषधानं ओला होता, तसाच. देवेन गाडी घेऊन धावत आला. सौंदडपासून इथपर्यंत ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर.
डॉक्टरांनी विचारलं, "कौन सी दवाई मारी थी?" माझं तोंड उघडायच्या आत देवेननं नाव सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. सुई, सलाईन.
मी ह्यांचा शर्ट पिशवीत भरून बसले आहे. रडू आलं नाही. बाजूची बाई विचारत होती, कोण लागते तुमचं. सांगायला थोडा वेळ लागला.

१८ सप्टें.
काल घरी आणलं. पडून आहेत. खाणं बरं.
आज गाईच्या कोठ्यात बाटली सापडली, रिकामी. शिकवलं होतं तसं केलं. तीनदा विसळली, ते पाणी बांधीत टाकलं, दाभणानं बुडाला भोक पाडलं, म्हणजे कोणी तेल-रॉकेल भरायला नेणार नाही. पाण्यापासून दूर, शेताच्या कडेच्या वरच्या धुऱ्यावर पळसाखाली खड्डा केला. त्या दिवशी प्रशिक्षणात आम्ही बाया हसलो होतो की बाटलीचं एवढं क्रियाकर्म कोण करील.
पुरायच्या आधी लेबल वाचलं. देवेननं दवाखान्यात सांगितलं ते हे नाव नाही. ते दुसऱ्याच औषधाचं, दुकानात उघड मिळतं त्याचं.
पुरून टाकली. माती दाबली. हात धुतले, घरी येऊन भात मांडला. वरणाला फोडणी द्यायची राहिली, हे तसंच जेवले.

२ ऑक्टोबर, दसरा
सोनं देताना ह्यांच्या हातून पान पडलं. परत दिलं, परत पडलं. समोरचा म्हणाला, "काऊन भाऊ, आमाले सोनं द्यायचं मन नाही का?" सगळे हसले.
घरी आल्यावर सांगतात, आठ दिवसांपासून बोटांत मुंग्या. आठ दिवस बोलले नाहीत. असेच आहेत.

५ ऑक्टो.
पायातली चप्पल रस्त्यात निघाली, हे तसेच पुढे चालत आले. शेजारच्या कोणीतरी आणून दिली. कळलंच नाही म्हणतात. शर्टाच्या गुंड्या मी लावते आहे. मान वर करून उभे राहतात. माझ्याकडे पाहत नाहीत.

९ ऑक्टो.
दोघंच रेल्वेनं गोंदियाला जाऊन आलो. देवेनला कळवलं नाही. डॉक्टरांनी तळपायावर पेन ओढून पाहिला, गुडघ्यावर ठोकलं. शिरा कमजोर झाल्या म्हणतात. जुना कागद पाहिला. "इसमें जो नाम लिखा है, उससे आम तौर पर ऐसा नहीं होता. पक्का यही था?"
हे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "घर जाके देखती हूं."
पाहायचं काय बाकी होतं? मला नाव पाठ आहे. तरी जीभ उचलली नाही. परतीच्या गाडीत ह्यांनी डोळे मिटून घेतले होते, झोप नव्हती. सौंदडला उतरताना माझा दंड धरला. धरला म्हणजे हात ठेवला. पकड नाहीच.

१४ ऑक्टो.
तालुक्याच्या कृषी अधिकारी मॅडम अंगणवाडीत आल्या. पोरं खिचडी खात होती. दुसऱ्या गावातही एकाला असंच झालं म्हणे. बंद केलेलं औषध कोणीतरी अजून देऊन राहिलं आहे, दुकानं तपासायची आहेत.
"तुमच्याकडची बाटली आहे का? लेबल, बॅच नंबर, काहीही. त्याशिवाय आम्ही कोणाला हात लावू शकत नाही."
"मॅडम, तुमच्या पोरीनं शिकवलं तशी विसळून, भोक पाडून पुरली."
त्यांनी पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "एवढी प्रशिक्षणं घेतली, शिकवलेलं करणाऱ्या तुम्ही पहिल्याच." कौतुकच होतं ते. कुठं पुरली हे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. नंबर देऊन गेल्या.
संध्याकाळी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बाटली निघाली तं देवेनचं का होईल?"
"लायसन जाईल. केस होईल."
"त्याची पोरगी लहान आहे अजून."
एवढंच बोलले. मग गाईला चारा टाकायला उठले, पेंडी हातातून निसटली, पायानं ढकलत नेली.

१५ ऑक्टो.
देवेनचा फोन. "ताई, मॅडम आल्या होत्या म्हणे. बाटली कुठं आहे?"
"पुरली."
"बरं केलं."
त्याचा सुटलेला श्वास मला फोनमध्ये ऐकू आला. मग विचारतो, भाऊजीची तब्येत कशी आहे. आधी बाटली, मग भाऊजी. म्हटलं, हाताला समजत नाही काही. "होईल बरोबर, टॉनिक पाठवतो."
राग आला. महिनाभरात आज पहिल्यांदा काहीतरी आलं. ह्याला मी कडेवर घेऊन तलावावर नेत होते, माझा फ्रॉक ओला करायचा. भांडी जोरात घासली. मग राग गेला, परत तसंच, काही नाही.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
पणत्या लावताना कशाचा तरी वास आला. केस जळाल्यासारखा. पाहिलं तर ह्यांचं बोट ज्योतीत. तसेच उभे, वात सरळ करत होते. मी हात ओढला. म्हणतात, "का झालं?"
मोठा फोड आला आहे. त्याकडेही दुसऱ्याचं बोट असल्यासारखं पाहत होते. मी हळद-तूप लावलं. पूजा केली. लाह्या, बत्तासे, सगळं केलं.

२२ ऑक्टो.
सकाळी विळा आणि सब्बल घेऊन धुऱ्यावर गेले. धान कापायला आलं आहे, औषध मारलेल्या बांधीत लोंब्या भरलेल्या. पीक वाचलं, खोटं कशाला बोलू.
पळसाखाली खणलं. बाटली होती तशी. लेबल प्लास्टिकचं, पदरानं पुसलं, सगळं वाचता येतं. त्रिकोण अजून लाल.
हे पडवीतून पाहत होते. मी बाटली कोनाड्यात ठेवली. म्हणाले, "उद्या भाऊबीज आहे." म्हटलं, "मले माहीत आहे."

२३ ऑक्टो., भाऊबीज
गावात मंडईच्या जत्रेची तयारी, चौकात पाळणा आला, नाटकाचा मंडप. घराघरात पाहुणे. देवेन दुपारी आला. मला साडी. ह्यांच्यासाठी दुकानातून हातमोजे आणि मास्क.
"पुढच्या वेळी हे घालून औषध माराजा भाऊजी."
ह्यांनी मोजे घालायचा प्रयत्न केला. जमेना. देवेन खाली बसला आणि एकेक बोट धरून घालून देऊ लागला. जळलेल्या बोटाशी आला तेव्हा थांबला. "हे कशानं?" हे म्हणाले, "पणतीनं. समजलंच नाही मले." देवेन मोजा तसाच अर्धा धरून रडायला लागला. हे त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तर हाताला तो अर्धा मोजा लोंबत होता.
मी ओवाळलं. कुंकू लावताना विचारलं, "देवेन, डॉक्टरले तू कोणतं नाव सांगितलं होतं?"
ताटाकडे पाहत राहिला. "भेव लागला होता मले, ताई. दुकान गेलं तं मी का करू?"
"माह्या घरचा माणूस मरून राहिला होता."
त्यानं सुपारी उचलली, खाली ठेवली. जाताना दारातून म्हणाला, "उद्या गाडी घेऊन येतो. डॉक्टरकडे नेतो भाऊजीले." बाटली निघाली आहे हे मी त्याला सांगितलं नाही. कोनाड्यासमोरच जेवला तो.

२४ ऑक्टो., शुक्रवार
तयार होऊन बसलो आहोत. ह्यांच्या गुंड्या लावून झाल्या. जुने कागद पिशवीत, त्याखाली बाटली, कागदात गुंडाळून. मॅडमचा नंबरही मोबाइलमध्ये आहे, अजून लावला नाही.
डॉक्टर परत विचारतील, कोणतं औषध. देवेन बाजूला उभा राहील. ह्यांचं म्हणणं, आधी त्याला बोलू दे.
"आणि नाही बोलला तं?"
"बोलंल. थोडी थांब."
थोडी म्हणजे किती, ते विचारलं तर चप्पल पायात सरकवू लागले. एक पाय आत गेला, दुसरा नाही. मी वाकून घालून दिली.
बाहेर हॉर्न वाजतो आहे. पिशवी मी मांडीवर घेणार, डिकीत ठेवायला देणार नाही.