तिसऱ्या रांगेची सोय

३ फेब्रुवारी
नवी गाडी आली. सात जणांची. पुढे चिरंजीव आणि सूनबाई, कारण तिला मागे मळमळतं. मधल्या रांगेत नातू त्याच्या छोट्या खुर्चीत, दाराशी विहीणबाई, कारण त्यांचे गुडघे. दोघांच्या मधे डायपरची बॅग, कारण ती हाताशी लागते. उरले मी. तिसरी रांग.
सूनबाई म्हणाली, आई, मधलं सीट पुढे सरकतं, वॉकिन आहे. मी म्हटलं, वॉक-इन. दोन शब्द आहेत ते. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदरनी हा उच्चार ऐकला असता तर वर्गाबाहेर उभं केलं असतं.

५ फेब्रुवारी
पंधरा तारखेला माझ्या ताईला ऐंशी पूर्ण. कित्येक वर्षांत भेट नाही. चिरंजीव म्हणतो, आई, एवढ्या लांब मागे बसून तू कशाला येतेस, व्हिडिओ कॉल लावून देतो. मी म्हटलं, ताईला मी समोर बसून बघणार. मग म्हणाला, आधी मागे चढून-उतरून दाखव.
म्हणजे याला जन्म मी दिला आणि परीक्षाही मीच द्यायची.
निश्चय : उद्यापासून रोज पार्किंगमध्ये सराव. कोणाचाही हात धरायचा नाही.

८ फेब्रुवारी, सकाळी
सरावाला आज मुहूर्त लागला. दोन दिवस हवा ढगाळ होती.
खटका दाबला, सीट मान टाकून पुढे सरकलं. वॉक म्हणे. मी रांगले, पण ताठ मानेने. आत टेकले आणि सीट खट्कन मागे आलं. उतरायचा खटका सीटच्या खांद्यावर असतो. हात पोचला, जोर पोचला नाही. म्हणून बसून थोडा विचार केला.
वॉचमनने काच वाजवून विचारलं, आजी, कोणाची वाट बघताय? म्हटलं, गाडी तपासतेय. त्याने दार उघडून सीट सरकवलं. मी सांगितलं नव्हतं.

९ फेब्रुवारी
चिरंजीवांना कळवलं, जमलं. यात खोटं काही नाही. चढणं जमलंच आहे.

१२ फेब्रुवारी
विहीणबाई म्हणाल्या, तुम्ही माझ्या जागी बसा, मी जाते मागे. गुडघे चोळत म्हणाल्या. असले उपकार मला नकोत. सूनबाई म्हणाली, आई, हट्ट नका करू. मी हट्ट करत नाही. मी ठाम असते.

१५ फेब्रुवारी, दुपारी, गाडीत
पोचलो. सीट सरकवून देऊ का, असं चिरंजीवांनी विचारलं. म्हटलं, तू हो पुढे, मी आलेच. ऐकलं त्याने. नेमकं आजच ऐकलं. दार तेवढं उघडं ठेवून सगळे आत गेले.
खटक्याला पट्टी आहे, तिच्यावर इंग्रजीत ‘ओढा’ असं छापलंय. कॉन्व्हेंटची मुलगी छापलेलं पाळते. ओढली. पट्टी हातात आली. सीट जागच्या जागी. हल्लीचे इंजिनिअर.
आतून टाळ्या ऐकू येतायत. केक कापला वाटतं. हाक मारली असती, पण ओरडायची मला सवय नाही.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी
चिरंजीव शोधत आला. म्हणाला, आई, आम्हाला वाटलं तू बाथरूममध्ये आहेस. सीटशी झटापट झाली, ते हललं नाही. शेवटी मागून डिकी उघडली, बॅगा उतरवल्या, माझ्या शेजारचं सीट आडवं केलं. तेवढ्यात ताई काठी टेकत बाहेर आली. वाकून आत बघत म्हणाली, अगं बये, तू सामानात काय करतेस?
मी म्हटलं, तुला भेटायला आलेय. तिने तिथेच, डिकीत वाकून, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. माझ्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. डिकीत धूळ फार.

१६ फेब्रुवारी, सकाळी
निघायची तयारी. पट्टी दुरुस्त होईपर्यंत चढायचंही डिकीतूनच. सूनबाईने विचारलं, आधी बॅगा की आधी आई? चिरंजीव म्हणाला, आधी आई, मग बॅगा.
काही म्हणा, मान राखतो.