सात नंबरचं चुंबक

मालवण, ७ नोव्हेंबर

प्रिय अवनी,

गेला महिनाभर फोनवर मी तुला बांगड्याचा भाव सांगितला, चाफ्याला लागलेली कीड सांगितली. एक गोष्ट सोडून सगळं सांगितलं. बोलायला लागलो की मी सजवतो, म्हणून लिहितोय.

तुमच्या प्रयोगशाळेची चुंबकं जोडणीसाठी कुडाळच्या आमच्या कारखान्यात आली, तेव्हाचं माझं भाषण तुला पाठ आहे. कणांचा झोत पांगू नये म्हणून त्याला चहूबाजूंनी आवळणारी चुंबकं, ना वीज खाणारी, ना थंड पाणी मागणारी. स्क्रू फिरवून ठोकळे जवळ आणले की पकड घट्ट, मागे घेतले की सैल. हे कुडाळची माणसं करतील, असं मी गरजलो होतो. पण विजेचं चुंबक बटण दाबलं की निजतं, हे कधीच निजत नाही, हे मी बोललो नव्हतो. चुंबकांच्या खोलीत शिरलं की कमरेच्या पट्ट्याचं बक्कल हळूच पुढे ओढलं जायचं, कुणी बोलावल्यासारखं.

खंडेनवमीला आमची इंजिनिअर तन्वी म्हणाली, पूजा दाराबाहेर करा, आत लोखंड नको. मला ते झोंबलं. ज्या यंत्रावर आम्ही घाम गाळला, त्याला हार घालायला परवानगी मागायची? पंधरा मिनिटं बोललो, पुस्तकांतले दाखले दिले. टाळ्या पडल्या, पूजा आतच ठरली. माझ्या हाताखालचा अब्बास तेवढा कानाशी येऊन म्हणाला, ‘अप्पानू, नारळ भायर दगडार फोडूया, कोयतो आत नको.’ मी सगळ्यांदेखत त्याला विचारलं, तू कधीपासून इंजिनेर झालंस रे? सगळे हसले. तोही हसला.

आमच्या कामगार जितेंद्रने नारळ फोडायला सात नंबरच्या चुंबकापुढे कोयता उचलला. कोयता मुठीतून सुटला नाही, मुठीसकट चुंबकावर आदळला. नारळ पायाशी अख्खाच राहिला. जितेंद्रची दोन बोटं गेली. तुला मी सांगितलं, अपघात प्रेस मशीनवर झाला. ते खोटं होतं.

लाकडी पाचरी ठोकून कोयता काढला, तेव्हा ठोकळा धरून ठेवणाऱ्या नटला केसाएवढी चीर गेली. मालकांनी ती भरून वर रंग दिला. तन्वी रजेवर होती. जोडणीप्रमुख म्हणून तपासणीच्या कागदावर सही माझी. नाही म्हटलं असतं तर पूजेची चौकशी झाली असती, आणि चौकशीत माझं भाषण उघडं पडलं असतं. जन्मभर दुसऱ्यांना खरं बोला म्हणून सांगणाऱ्या माणसाने ‘ठीक’ असं लिहिलं.

काल तू आनंदाने म्हणालीस, सोमवारी सात नंबर बसवणार, ठोकळे पूर्ण मागे घेऊन मधल्या फटीत मोजणीची सळई मी स्वतः धरणार. ठोकळे मागे गेले की सगळा ताण त्याच नटवर येतो, आणि तो तुटला तर ठोकळे झेपावून फट मिटते. अवनी, त्या फटीत हात घालू नकोस, कुणाला घालू देऊ नकोस. पत्राचा फोटो आत्ताच पाठवतोय. माझ्या सहीचा कागद टपालाने पोचला की तुमच्या साहेबांपुढे ठेव, बापाचं नाव झाकू नकोस. वाचलंस की लगेच फोन कर. मी बोलणार नाही, फक्त ऐकेन.

तुझाच,
अप्पा