चार स्क्रूचा ट्यूनर

७ ऑक्टोबर, सकाळ

इतक्या उशिरा लिहायला बसलो याबद्दल माफ करणे. कोणाची माफी मागतोय ते मलाही ठाऊक नाही, वही माझीच आहे आणि वाचणाराही मीच. पण मागच्या पानावर जूनची तारीख आहे आणि खाली 'यापुढे न चुकता रोज लिहीन' असं लिहिलेलं आहे, तेव्हा बरं दिसावं म्हणून. उशिरात माझा काही दोष नाही. घरात लिहिण्याजोगी शांतता नव्हती. आता आहे.

शांतता आहे कारण टीव्ही बंद आहे आणि ही मुलीकडे गेली आहे. टीव्ही शनिवारी गेला, ही रविवारी गेली.

टीव्हीचं खरं काय झालं ते एकदा लिहून ठेवतो, नाहीतर जो तो आपापलं सांगत सुटेल. आवाजात खरखर होती. मी मागचं झाकण उघडलं. अडतीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त केली, मला झाकण उघडायला कोणाची परवानगी लागत नाही. ही तीनदा म्हणाली, हात लावू नका. ती तिसऱ्यांदा म्हणाली आणि त्याच वेळी माझा हात घसरला, म्हणजे चूक कोणाची ते उघड आहे. काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा. हल्ली काचा पापुद्र्यासारख्या करतात.

ही संध्याकाळभर फुटक्या टीव्हीसमोर बसून राहिली. सकाळी बॅग भरली. विचारलं, परत कधी? म्हणाली, कळवते.

गेली ती मालिकेसाठी. सातची मालिका, नऊ वर्षं चाललेली. घरात टीव्ही चालू झाला की ही परत आली म्हणून समजा.

नवा टीव्ही घेणार नाही. नवा घेतला म्हणजे जुना मी फोडला असं कबूल केल्यासारखं होतं. जावयाने टाकलेला लॅपटॉप कपाटावर पडून आहे. त्याला ट्यूनर नावाची वस्तू लावली की त्यावर टीव्ही दिसतो, असं पेपरात वाचलं होतं. रविवारच्या आत काम फत्ते.

८ ऑक्टोबर

लॅपटॉप काढला. चालतो. आतला पंखा घरघर करत होता. जावयाला वस्तू वापरायची अक्कल नाही, कधी तेल घातलं नसणार. जाळीतून मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडले. अर्ध्या तासात आवाज पूर्ण बंद.

अनुभव हा अनुभव असतो.

९ ऑक्टोबर, दुपार

कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक बाई, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला. म्हणाली, काका, ट्यूनर तीन प्रकारचे असतात. केबलचा, डिशचा आणि साध्या अँटेनाचा. तुमच्याकडे काय आहे?

आमच्याकडे काहीच नाही. केबल होती. टीव्ही फुटल्यावर मी केबलवाल्याला सांगितलं, वायर काढून ने, फुकट भिंतीवर कशाला. तो म्हणाला, काका, दोन दिवस थांबा, काकूंना विचारा. मी म्हटलं, वायर तुझी, भिंत माझी, यात काकू कुठून आल्या? आणि वायर मीच ओढून त्याच्या हातात दिली.

हे बाईला सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, तुम्ही दाखवा, मी ठरवतो.

तिने अँटेनाचा दाखवला. अंगठ्याएवढा. हातावर घेतला तर घेतल्यासारखं वाटेना. मी विचारलं, तराजू आहे का? म्हणाली, ट्यूनर आहे हो काका, भाजी नाही. मी म्हटलं, मशीनची पारख वजनावर होते. उलटा करून पाहिला तर एक स्क्रू नाही. ज्याला स्क्रू नाही ते उघडता येत नाही, उघडता येत नाही ते दुरुस्त होत नाही. सरळसरळ फसवणूक. तसं तिला सांगितलं. शेजारचं गिऱ्हाईक दात काढत होतं, त्यालाही दोन शब्द सुनावले.

मग मागच्या फळीवर, धुळीत, एक पेटी दिसली. लोखंडी. विटेएवढी. चार कोपऱ्यांना चार स्क्रू. बाई म्हणाली, ते नका घेऊ, ते जुन्या पद्धतीच्या प्रसारणासाठी आहे, ते प्रसारण कधीच बंद झालं, मी ते टाकायला काढलंय.

टाकायला काढलंय म्हणाली तिथेच ओळखलं. चांगला माल दुकानदार मागच्याच फळीवर ठेवतो. तोच घेतला. म्हणाली, परत घेणार नाही हं. मी म्हटलं, परत आणतंय कोण?

११ ऑक्टोबर

पेटी जोडली. सोबतची अँटेनाची दांडी खिडकीत उभी केली. मुंग्या.

१२ ऑक्टोबर, रविवार

अजून मुंग्याच. मुंग्यांचा आवाज मात्र खणखणीत आहे, यावरून पेटीची प्रत कळते. उरलं ते फक्त चित्र.

मुलीला फोन केला. सांगितलं, टीव्ही आला आहे, तिला सांग. मुलीने विचारलं, नवा घेतलात? मी म्हटलं, घेतला नाही, बनवला. मग मी विचारलं, आई काय करते आहे? म्हणाली, फिरायला गेली आहे. सात वाजता? हो, सात वाजता. जावयाच्या घरचा टीव्ही भिकार असणार, दुसरं काय.

१४ ऑक्टोबर

कारण सापडलं. खालच्या मजल्यावर एक रिटायर्ड हेडमास्तर राहतो. गच्चीवर त्याचा अँटेना आहे, भलामोठा, कपडे वाळत घालायच्या स्टँडएवढा, आणि नेमका माझ्या खोलीच्या डोक्यावर. लाटा यायच्या त्या आधी त्यालाच लागणार. मला उरणार त्या मुंग्या. शिकलेला माणूस, पण दुसऱ्याचं ओढून घ्यायची सवय जात नाही.

१५ ऑक्टोबर, दुपारी चार

गच्चीवर जाऊन त्याचा अँटेना थोडा फिरवला. थोडाच. तोंड पलीकडच्या पाण्याच्या टाकीकडे केलं.

माझ्याकडे फरक पडला. मुंग्या बारीक झाल्या.

१६ ऑक्टोबर

हेडमास्तर वर आला. त्याची मॅच गेली. म्हणाला, अहो, वरच्या मजल्यावर राहता म्हणून गच्चीही तुमची का? मी म्हटलं, वारा सुटला होता. म्हणाला, वारा पाना घेऊन येतो का? नटावर ओरखडे आहेत. मी म्हटलं, पुराव्याशिवाय बोलू नका. म्हणाला, पुरावा तुमच्या खिशातून बाहेर डोकावतोय.

पाना खिशात होता हे खरं. माझ्या खिशात पाना नेहमीच असतो.

मग आत डोकावून पेटीकडे बघितलं आणि हसला. असली पेटी माझ्याकडेही होती, म्हणाला, नातवाला खेळायला दिली. जाता जाता जिन्यातून म्हणतो, वहिनी असताना बरं होतं, निदान तुम्हाला हाक मारून गच्चीवरून खाली तरी बोलवायच्या. कधी येणार आहेत? मी दार लावून घेतलं. काही माणसांना जिन्यात उभं राहून दुसऱ्याच्या घरात बोलायची खोड असते.

निश्चय: त्याच्याशी बोलणं बंद. कायमचं.

१८ ऑक्टोबर

पेटीचे चारही स्क्रू काढून पाहिले. आत एक छोटी हिरवी पट्टी आणि एक लोखंडाचा ठोकळा. ठोकळ्याला एकही वायर नाही. तो नुसता वजनासाठी आहे.

यावर आज जास्त लिहीत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

मुलीला फोन. म्हटलं, तांत्रिक सुधारणा चालू आहे, तिला सांग थोडा धीर धर. मुलगी म्हणाली, बाबा, आई टीव्ही बघतच नाही इथे. दोनदा मीच लावून दिला तर उठून गॅलरीत गेली. सासूबाईंबरोबर रोज फिरायला जाते. दोघी येताना जिन्यातून हसत येतात, पार वरपर्यंत ऐकू येतं.

मी विचारलं, कशाला हसते? म्हणाली, म्हणजे काय, हसू नये का तिने?

मग मी मालिकेचं काढलं. नऊ वर्षं बघत होती, एकाएकी कशी सुटेल. मुलगी आईशी काहीतरी बोलली, फोनवर हात ठेवून, तरी कळतंच. मग सांगितलं, आई म्हणते, टीव्ही मी तुझ्या बाबांची कटकट ऐकू येऊ नये म्हणून लावत होते.

विनोद केला असणार. हिला विनोद कधीच जमला नाही, चाळीस वर्षांत मी तरी ऐकला नाही. तिकडे जाऊन शिकली असेल.

टीव्ही लवकर चालू झाला पाहिजे.

२१ ऑक्टोबर

दुकान. लॅपटॉप बरोबर नेला, कारण तो बसल्या बसल्या तापून बंद पडतो. जावयाचाच माल. बाईने उघडला आणि विचारलं, यात तेल कोणी ओतलं? मी म्हटलं, चार थेंब म्हणजे ओतणं नव्हे. म्हणाली, पंखा चिकटून बसलाय, फिरतच नाही. मी म्हटलं, म्हणूनच आवाज येत नाही.

पंखा साफ केला तिने, कापूस घेऊन, पात्यापात्याने. हात चांगला आहे, कारखान्यात मी तिला कामावर घेतली असती. मग तो अंगठ्याएवढा ट्यूनर समोर ठेवला. मी तो घेतला. याला मी हार मानत नाही, दोन्ही प्रकार वापरून पाहिल्याशिवाय तुलना होत नाही. दारापर्यंत आल्यावर म्हणाली, काका, घरी कोणी आहे ना मदतीला? दांडी कुठे लागते ते शोधायला दोन माणसं लागतात. मी म्हटलं, मी कधी मदत घेतलेली नाही.

२३ ऑक्टोबर

लावला. चॅनल शोधले. शून्य.

दांडी टेबलावर: शून्य. कपाटावर: शून्य. खिडकीच्या गजाला बांधली: शून्य. हातात धरून खिडकीत उभा राहिलो: अकरा.

गजाला परत बांधली: शून्य. म्हणजे दांडीला माणूस लागतो. असल्या वस्तू बनवणाऱ्यांना समोर उभं करायला पाहिजे.

२४ ऑक्टोबर

पेच असा आहे. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, त्यामुळे तो प्लगला बांधलेला. प्लग दाराशी. खिडकी समोरच्या टोकाला. एक्स्टेंशन बोर्ड आहे, पण तो मी गेल्या वर्षी दुरुस्त केला तेव्हापासून चालत नाही. आणि खिडकीतून, म्हणजे बाजूनं, त्या स्क्रीनकडे पाहिलं तर माणसं काळीठिक्कर दिसतात, नुसती भुतं. टेबल वळवलं तर प्लगची वायर पुरत नाही.

दांडी छत्रीला बांधली, छत्री गजात अडकवली. नाही. झाडूला बांधली. नाही. पाण्याने भरलेल्या पातेल्यात उभी केली, कारण माणसातही पाणीच असतं असं कुठेतरी वाचलं होतं. नाही.

आरसा लावून पाहिला. आरशात सगळं उलटं, आणि मध्ये मीच दिसतो, हात वर करून उभा.

हेडमास्तर जिन्यात भेटला. बोलायचं नाही असं ठरलेलं, पण तोच बोलला. म्हणाला, खिडकीत हात वर करून उभे असता तुम्ही, समोरच्या इमारतीतले लोक विचारतात, वरच्या गृहस्थांना मदत हवी आहे का. मी म्हटलं, अँटेना आहे. म्हणाला, मग मी येऊन धरतो दांडी, तुम्ही बघा तुमचं. मी म्हटलं, तुमची मॅच बघा. म्हणाला, दोन वर्षं झाली आमची ही जाऊन, मॅच तरी किती बघणार?

गरज नाही म्हणून सांगितलं. आज धरील आणि उद्या सगळ्या बिल्डिंगला सांगेल, याने धरायला माणूस बोलावला म्हणून.

२६ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळी पावणेआठ

मुलीला सकाळी फोन केला. म्हटलं, टीव्ही उत्तम चालतो, अकरा चॅनल, अगदी स्वच्छ. हे खोटं नाही. तिने विचारलं, मग बघता का? मी म्हटलं, हो. म्हणाली, बरं, आईला सांगते. आई तिथेच होती. चहाच्या कपाचा आवाज येत होता. फोनवर आली नाही.

सात वाजता मालिका लावली आणि खिडकीत जाऊन उभा राहिलो. चित्र आलं असणार, कारण आवाज आला. एक बाई रडत होती. थोरली की धाकटी, कळलं नाही. ते तुला आवाजावरून कळतं. मग कोणीतरी म्हातारा बडबडत होता, बराच वेळ, कोणी त्याला उत्तर देईना. मी हात खाली घेतला तर तो मध्येच तुटला. परत वर केला तर अजून बोलतोच आहे. कंटाळवाणं पात्र आहे. मग दार लागल्याचा आवाज, आणि जाहिरात.

अर्धा तास उभा होतो. एकही दृश्य पाहिलं नाही.

हे मी वहीतच लिहितोय, तुला पाठवायला नाही. विनवणी वगैरे काही नाही, फक्त कामाचं सांगतो. दांडी धरायला एक माणूस लागतो आणि बघायला एक. धरायचं काम माझं. तू फक्त समोर बसायचं आणि दिसतंय की नाही एवढं सांगायचं. मालिका नको असेल तर दुसरं काही लाव, दहा चॅनल आहेत. मी बोलणार नाही. धरून उभं असताना तसंही बोलता येत नाही, हात हलतो.

कळवते म्हणाली होतीस. आज एकवीस दिवस झाले. येणार असशील तर कळव, नसशील तरी कळव, पण लवकर कळव. हात भरून येतो.