इंदुबाईचा सेट

१४ जुलै १९९७, सोमवार

आठ सेट, आणि आठही एकदम बोंबलले!

कॉलेजच्या लॅबमधल्या मुख्य वायरलेस सेटवरून मी या आठांना एक मजकूर सोडला — वीस तुकड्यांत. कुणाला सातवा मिळाला नाही, कुणाला बारावा. गळलेला तुकडा परत मागायचा, एवढंच या खोक्यांचं काम. पण सगळ्यांनी एकाच क्षणी मागितलं. मुख्य सेटला एकाचंही धड कळलं नाही. मग पुन्हा मागणी, पुन्हा गोंधळ. माझे गाइड भाईदास सर दारातून बघत होते. ‘बधा साथे बोले तो कोण सांभळे, बेन?’ म्हणाले — सगळे एकदम बोलले तर ऐकायचं कुणी — आणि चहाला निघून गेले.

माझा एम.ई.चा सगळा प्रबंध या एका प्रश्नावर अडलाय. डिसेंबरात बाहेरचे परीक्षक येणार. हसूही येत होतं, रडूही.

१५ जुलै

सेटना आमच्या गल्लीतल्या बायकांची नावं दिली. ज्याचा अँटेना वाकलाय आणि ज्याला सगळ्यात कमी ऐकू येतं, तो चौथा — इंदुबाई. म्हणजे आमची आई! पंधरा वर्षं लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या, त्या खडखडाटात कान गेले म्हणते. घरात प्रत्येक गोष्ट तिला दोनदा सांगावी लागते. तिला हे कळलं तर लाटणं माझ्या पाठीत.

३ ऑगस्ट, रविवार

माझ्या वडिलांचे, आबांचे, चुलतभाऊ चिंधा काका शिरपूरहून आले. पेढे घेऊन! तेव्हाच संशय यायला हवा होता. माझ्यासाठी स्थळ आणलंय. मुलगा इथलाच, बमरोलीचा. तुळशीचं लग्न झालं की लगेच बार उडवायचा. मी म्हटलं, ‘आणि माझं कॉलेज?’ काका म्हणाले, ‘ते सासरना पाहतीन.’ आबांनी पेढ्यांचा पुडा माझ्याकडे सरकवला. सतरा तारखेला बैठक.

लग्न नोव्हेंबरात, परीक्षक डिसेंबरात. काकांचे पेढे मात्र मी चार खाल्ले. राग वेगळा, पेढा वेगळा.

१० ऑगस्ट, रविवार

घरी कानबाई बसली, आमची श्रावणातली देवी. दुपारी नैवेद्याचे रोट झाले, मग गल्लीतल्या बायका गाणी म्हणायला जमल्या. धुरपदाबाई ओळ टाकतात, बाकीच्या उचलतात. पण त्यांचा आवाज आता उतरलाय. मागच्या रांगेपर्यंत ओळ पोचलीच नाही. मला नाही, उषाबाईंना नाही, कुणालाच नाही. तरी एकीनेही तोंड उघडलं नाही. सगळ्या आईकडे बघत बसल्या!

‘काय वं माय? परत म्हन!’ — आई.

धुरपदाबाईंनी ओळ परत टाकली, सगळ्या रांगेने उचलली. मी उषाबाईंना विचारलं, तुम्ही का नाही विचारलंत? म्हणाल्या, ‘तुनी माय इचारस ना. तिले ऐकू उनं म्हंजे समदासले उनं.’

मी रोट हातात घेऊन तशीच बसले. आठ सेट, महिनाभर डोकेफोड, आणि उत्तर मागच्या रांगेत मांडी घालून बसलेलं!

१३ ऑगस्ट

झालं! ज्याला सगळ्यात कमी ऐकू येतं, त्याने आधी विचारायचं. बाकीच्यांनी थोडं थांबायचं, प्रत्येकाने वेगवेगळा वेळ. तेवढ्यात आपल्याला हवा तोच तुकडा दुसऱ्याने मागितला की आपण गप्प. आठ मागण्यांच्या जागी एक येते, फार तर दोन.

भाईदास सर चहा सोडून बसले. ‘आ आइडिया कोनो?’

‘इंदुबाईंची.’

‘कई कॉलेजमां छे?’ — आणि पेन उघडलं! मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाले.

१७ ऑगस्ट, रविवार

बैठक झाली. सगळं क्रमाने लिहिते.

चिंधा काकांनी स्थळ मांडलं. मुलगा शिकलेला, चार लूम स्वतःचे. आबा म्हणाले, ‘कोनले काही बोलनं शे का?’ मी वैभवकडे पाहिलं — मोठा भाऊ, तो बोलेल. वैभव माझ्याकडे बघत होता — माझं लग्न, मीच बोलेन. धुरपदाबाई दारात, त्या आबांकडे बघत होत्या. सगळे दुसऱ्याची वाट बघत गप्प! माझाच नियम माझ्या गळ्याला. फार भ्याले होते मी.

आबा ‘मंग ठरनं’ म्हणणार, तोच आई पदर सावरत म्हणाली, ‘मले ऐकू नई उनं. परत सांगा ना, भाऊ.’

काकांनी परत सांगितलं. या वेळी लूम दोन झाले, तेही भागीदारीत. आईने कान पुढे केला. ‘काय? परत?’ काका वैतागले, गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. आता लूम त्याच्या भावाचे! ‘पन पहिलीगत हिले काही कमी पडाव नई!’

‘पहिली?’ आबा उठून उभे राहिले. ‘कोन पहिली?’

खरी गोष्ट दहादा सांगितली तरी तीच राहते. काकांची तिसऱ्या वेळेलाच उसवली.

१८ ऑगस्ट

आबा सकाळीच बमरोलीला जाऊन आले. पहिली बायको माहेरी आहे, फारकत झालेली नाही. मला म्हणाले, ‘डिसेंबरनं पाह्य तू.’ आणि आंघोळीला गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठी मारली. तिने पोळी करपेल म्हणून ढकललं.

१९ ऑगस्ट

आईसाठी एवढं तरी करावं. गोडादऱ्यात कानतपासणीचं फुकट शिबिर आहे, तिचं नाव घातलं. ती नको नको म्हणतेय. बिचारीला कानाच्या मशीनची लाज वाटत असणार.

२४ ऑगस्ट, रविवार

शिबिर झालं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. दोन्ही कान ठणठणीत. रिक्षात मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, ‘काय म्हनना डॉक्टर? मले ऐकू नई उनं.’