चालू: एक

४ मार्च
नवी नोकरी, नवं गाव, आणि भाड्याच्या खोलीला चक्क गॅलरी! कामाची जागा मात्र तळघरात, सर्व्हरच्या खोलीत. लिनक्सची सगळी यंत्रं एका सूत्रात आणायची आहेत. साहेब म्हणाले, आधीचा माणूस एकेक यंत्र हाताने सांभाळायचा. शेवटी त्याने हात टेकले. रखवालदाराने बजावलं, खाली फोन लागत नाही.

७ मार्च
सगळी यंत्रं एकत्र सांभाळणारा प्लॅटफॉर्म बसवला. सगळं एकाच पॅकेजमध्ये येतं. एक आज्ञा दिली आणि चहा निवायच्या आत चालू. संध्याकाळी ताईला फोनवर समजावलं. प्रत्येक प्रोग्राम आपापल्या डब्यात बंद, त्याला कंटेनर म्हणतात. कोणते डबे किती हवेत ते फाइलमध्ये लिहून द्यायचं. मग प्लॅटफॉर्म प्रत्येकाला सारखं विचारत राहतो, बरा आहेस ना? तीनदा उत्तर आलं नाही, की त्याला काढतो आणि हुबेहूब तसाच नवा उभा करतो.
ताई म्हणाली, "म्हणजे माझं 'जेवलास का' तेच की. फक्त मी दुसरा भाऊ आणत नाही, ठोंब्या."
आईच्या माघारी मला हे रोज विचारणारी ती एकटीच. आणि तिला उत्तर देणारा मी एकटाच.

८ मार्च
चाचणीसाठी फाइल हवी होती. गंमत म्हणून लिहिलं: नाव ठोंब्या. हवेत: एक. तपासणी: ताईचा फोन. प्लॅटफॉर्मने निमूट घेतली. ताईला सांगितलं, तर हसता हसता तिला ठसका लागला. उद्या काढून टाकेन.

१३ मार्च
दिवसभर तळघरात. रखवालदार मान हलवतो, तेवढंच माणसाशी बोलणं. वर आलो तर ताईचा फोन येऊन गेलेला. उद्या करू.

१४ मार्च
आजही चुकला. रागावली असेल. ती फाइल काढायची राहिलीच आहे.

१५ मार्च
आज पुन्हा. लगेच उलटा फोन केला. उचलला नाही. ती कधी असं करत नाही.

१६ मार्च
रखवालदाराने दारात अडवून विचारलं, कोण हवंय? थट्टा असेल. हसला मात्र नाही.

१७ मार्च
ताईने उचलला. परक्याशी बोलावं तशी बोलली. चुकीचा नंबर लागला म्हणाली. तिचा भाऊ परवाच आलाय, समोर बसून जेवतोय. मागून कुणीतरी विचारलं, "ताई, कोण आहे गं?"
आवाज माझा होता.

१८ मार्च
फाइल उघडली. ठोंब्या. हवेत: एक. चालू: एक, ताईच्या घरी. खाली आणखी एक ओळ —
काढायचा बाकी: एक.
'हवेत'पुढे दोन लिहिलं. आपोआप पुन्हा एक झालं. तीनदा केलं. शून्य मात्र घेईल, असं वाटतं. पण मग तिच्या समोरचा तोही घास घेता घेता नाहीसा — आणि ती कुणाला विचारणार?

१९ मार्च
शून्य लिहिलं नाही. साहेब माझ्या खुर्चीवर फाइली ठेवून गेले. मी खुर्चीतच होतो.

—
कीबोर्डच्या कळा दाबल्या जात नाहीत. पेन अजून उमटतंय, फिकं. फोन आला नाही, तरी सांगतो. ताई, जेवलो गं. पोटभर जे