उत्तरेच्या भिंतीतलं सिमेंट

आबा,

उदगीरकडच्या त्या जुन्या चर्चमध्ये मी गेल्या महिन्यात पुन्हा गेले. तुम्ही गेल्यापासून तिकडे फिरकलेच नव्हते. इंग्लंडातल्या खेड्यातल्या चर्चचा नकाशा आणून आपल्या काळ्या दगडात उभं केलेलं, टोकदार कमानींच्या खिडक्या, चौकोनी घंटाघर, बर्फ घसरावा असं उतरतं छप्पर. "बांधणाऱ्यानं आपलं ऊन पाहिलंच न्हाई," असं तुम्ही हसून म्हणायचात.

मी लातूरला सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत तुमचा डबा घेऊन चर्चपाशी आले, तर तुम्ही उत्तरेच्या भिंतीच्या दर्जा भरताय, दगडांमधल्या फटीत चुना दाबून. मी म्हणाले, "आता चुना कोण वापरतं? सिमेंट भरा." तुम्ही थापी खाली ठेवलीत. "तुझ्या पुस्तकात तसं हाय का, माय?" मी म्हणाले, "हाव." तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सिमेंट आणलंत.

आता तीच भिंत खिडकीपाशी फुगली आहे. तपासणीसाठी चर्चच्या कमिटीनं इंजिनिअर म्हणून मला बोलावलं. मी एक दर्ज फोडून पाहिली. बाहेर सिमेंट टणक, आणि त्यामागे पाणी अडकून जुन्या चुन्याचा ओला भुगा. कमिटीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "त्या येळच्या गवंड्यानं वाट लावली. पाडून पत्र्याचा हॉल बांधू."

तुम्ही माझे कोण, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. गप्प राहता आलं असतं.

"तो गवंडी माझा बाप होता," मी म्हणाले. "ते चुनाच भरत होते. सिमेंट मी भरायला लावलं."

त्याच गृहस्थांनी विचारलं, "मग आता काय करायचं, मॅडम?"

"सगळं सिमेंट छिन्नीनं काढायचं. पावसाळ्याच्या आत चुना भरायचा. भिंत पाडायची नाही."

सोमवारपासून काम सुरू आहे. चुना आधीच खड्ड्यात भिजत घातलाय. तुमच्या वयाचा एक गवंडी देगलूरहून शोधून आणलाय. तो मला रोज रागावतो, मी ऐकून घेते. दिवसाला दोन हात भिंत होते. होऊ दे. पुरी केल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

हा कागद कामाच्या फायलीतच राहील. कमिटीला मी खरं सांगितलं, पण अर्धंच. चुन्याचं प्रकरण त्या पुस्तकात होतं, आबा. परीक्षेला येत नाही म्हणून मी ते वाचलं नव्हतं.