योशितेरूच्या टेबलावरचा कीबोर्ड

मी, कुरामोची सादाए, वय एकाहत्तर, राहणार निप्पोनबाशी, ओसाका, धंदा जुने संगणक दुरुस्त करण्याचा. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर मागे घोटाळा राहू नये म्हणून ही व्यवस्था लिहून ठेवते. याआधीचे कागद रद्द समजावेत.

१. दुकान, वरची राहती खोली आणि बँकेतली शिल्लक माझा धाकटा भाऊ योशितेरू याला मिळावी. चुलतभावांनी हरकत घेऊ नये. तो अंथरुणाला खिळला तेव्हा त्यांनी साधी चौकशीही केली नव्हती.

२. माझी सगळी हत्यारं आणि सुट्या कीबोर्डांच्या पेट्या समोरच्या दुकानातल्या ओगिता मिझुए हिला द्याव्यात. अट एकच: योशितेरू आहे तोवर त्याचा कीबोर्ड तिने चालता ठेवावा.

३. या अटीचं कारण. योशितेरूला पक्षाघात झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आशा ठेवू नका. मी ठेवली नाही. त्याच सुमारास श्री. नागाओ आले. त्यांना जुने संगणक जमवण्याचा नाद. त्यांच्या एका संगणकाचा कीबोर्ड मेला होता आणि तसा दुसरा बाजारात कुठेच नव्हता. होता तो योशितेरूच्या टेबलावर, तरुणपणापासून त्याच्या बोटांखाली झिजलेला. तो मी काढून विकला.

आणि योशितेरू घरी आला. उजवा हात लुळा, बोलणं अडखळत. तडक टेबलाशी बसला, डावा हात रिकाम्या लाकडावर ठेवला. मग म्हणाला, "ताई... मी गेलोच... असं धरलंस?"

 

मी नागाओंच्या दारात गेले, हात जोडले. ते म्हणाले, "विकलेला माल परत मागायचा, ही कुठली रीत, बाई? भावाला नवा घेऊन द्या की!" दोष त्यांचा नाही, हे मला कळतं. तरी त्यांना माझ्या अंत्यविधीला बोलावू नये.

मग वेगळ्याच संगणकाचा कीबोर्ड मिळवला. योशितेरूच्या संगणकाशी त्याची आतली जोडणी जुळेना, म्हणून तारा तोडून एकेक कळ नव्याने जोडली. काही कळा मात्र त्यांच्या मूळ जागी बसल्याच नाहीत. तिथे त्याची बोटं चुकायची आणि मी पाठ फिरवून उभी राहायची. बोलण्यापेक्षा त्याला टाइप करणं सोपं जायचं. पहिलं सबंध वाक्य उमटलं: "चहा गार झालाय." मी चहा गरम करायला आत गेले आणि तिथेच रडले.

४. हे सारं काल योशितेरूला वाचून दाखवलं. त्याने टाइप केलं, "तिसरं कलम काढ."

"राहू दे," मी म्हटलं, "खरं आहे ते."

"मग दवाखान्यात रोज कोण यायचं, तेही लिही."

असलं मृत्युपत्रात बसत नाही, असं मी सांगून पाहिलं. तो ऐकेना. म्हणून नोंदवते: आशा नव्हती, तरी मी रोज जात होते.

हा मजकूर माझ्या हातचा असून त्यावर माझा शिक्का आहे.

कुरामोची सादाए (शिक्का)

साक्षीदार:
शिमोमुरा काने, शेजारीण
हानावा किइची, निवृत्त पोस्टमन

ओसाका, ९ मार्च २०२४